छोट्या ट्रकचे मोठे गणित

रेडिओच्या साहाय्याने दुरून चालवायचा, दगडधोंड्यांतून वाट काढणारा आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून उडी मारून पुन्हा चार चाकांवर उतरणारा छोटा ट्रक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काहींनी चालवलाही असेल. खऱ्या ट्रकच्या एकदशांश आकाराचे हे वाहन नवे असते तोवर त्याचे कौतुक असते. महिना-दोन महिने लोटले की मालकाच्या मनात एकच विचार घोळू लागतो : याला आणखी जोरदार मोटर बसवली तर? मग वाढदिवसाचे पैसे साठतात, मोटर येते, आणि दुसऱ्याच दिवशी दंतचक्राचे दात झडतात. पोलादी दंतचक्र बसवावे, तर आस वाकतो. आस बदलावा, तर गिअरपेटीला तडा जातो. शेवटी पैसे संपतात आणि ट्रक माळ्यावर जातो.

असे का होते? दोष मोटरीचा नसतो आणि नशिबाचा तर नसतोच. या प्रश्नाचे उत्तर तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. ते समजून घेतले, तर कोणता भाग बदलावा, कोणता मुळीच बदलू नये आणि कोणत्या भागाला केवळ स्वच्छ पुसण्याची गरज आहे हे तुम्हांला स्वतःच ठरवता येईल.

ऊर्जेची साखळी

प्रथम या ट्रकमध्ये ऊर्जा कोठून कोठे जाते ते पाहू. बॅटरीतील रासायनिक ऊर्जा विद्युत् प्रवाहाच्या रूपाने वेगनियंत्रकात जाते, तेथून मोटरीत. मोटरीच्या दांड्यावर एक लहान दंतचक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दंतचक्राला फिरवते. पुढे गिअरपेटी, डिफरन्शियल, आस, चाक आणि शेवटी जमीन. ही सारी एका साखळीच्या कड्या आहेत. एका टोकाला जेवढी ऊर्जा शिरते, तेवढीच दुसऱ्या टोकापर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात बाहेर पडलीच पाहिजे : काही गतीच्या रूपाने, काही उष्णतेच्या, आणि हिशेब चुकला तर काही मोडतोडीच्या रूपाने.

ही ऊर्जा किती असते? सहा घटांची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी ७.२ व्होल्टची असते. तिची धारणा ३ अँपिअर-तास धरली, तर ७.२ × ३ × ३६०० म्हणजे सुमारे ७८,००० जूल ऊर्जा तिच्यात साठते. ट्रक सतत चालवून ती १५ मिनिटांत संपली, तर सरासरी शक्ती ८६ वॉट झाली. खेळण्याच्या मानाने ही शक्ती लहान नव्हे. जुन्या तारेच्या दिव्यांपैकी चांगला प्रखर दिवा एवढ्या शक्तीवर चालत असे.

ही शक्ती काबूत ठेवण्याची पद्धत मात्र बदलत आली आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी चालणारी छोटी नौका दाखवली, तेव्हापासून दूरनियंत्रणाचा इतिहास सांगता येतो. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७९ साली ‘सँड स्कॉर्चर’ आणि ‘रफ रायडर’ ही ओबडधोबड जमिनीवर धावणारी वाहने काढली. १९८७ साली त्याच कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ हा ट्रक आला. त्यात दोन मोटरी होत्या आणि चारही चाके वळत. त्या काळच्या अशा वाहनांत वेग कमी करण्यासाठी मोटरीच्या मार्गात रोधक घालत. वेग कमी होई खरा, पण उरलेली ऊर्जा रोधकात उष्णता होऊन वाया जाई. आजचा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा सुरू आणि बंद करतो. ‘सुरू’ असण्याचा काळ जितका अधिक, तितका वेग अधिक. त्यामुळे बॅटरी अधिक वेळ पुरते. जुन्या वाहनात पहिली सुधारणा कोणती करावी, असे कोणी विचारले, तर हे उत्तर देता येईल.

दात मोजा

आता वेगाचे गणित करू. समजा, पिनियनला २० दात आहेत आणि मोठ्या दंतचक्राला ८०. म्हणजे मोटरीचे ४ फेरे झाले की मोठ्या चक्राचा एक फेरा होतो. पुढे गिअरपेटीत आणखी ३ पट घट होते असे धरा. एकूण गुणोत्तर १२ झाले. मोटर मिनिटाला १८,००० फेरे करत असेल, तर चाक १,५०० फेरे करील, म्हणजे सेकंदाला २५. चाकाचा परीघ ४० सेंटिमीटर असेल, तर ट्रकचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजेच ताशी ३६ किलोमीटर झाला.

आता २० दातांऐवजी २५ दातांचे पिनियन बसवले तर? हा भाग स्वस्त आणि बसवायला सोपा, म्हणून पुष्कळ जण येथूनच आरंभ करतात. नवे गुणोत्तर ८० भागिले २५ गुणिले ३, म्हणजे ९.६. कागदावर वेग ताशी ४५ किलोमीटर झाला. एक चतुर्थांश वेग जणू फुकट मिळाला!

पण निसर्गाच्या दुकानात फुकट काही मिळत नाही. गुणोत्तर कमी झाले की चाकाला तेवढाच पीळ देण्यासाठी मोटरीला १.२५ पट पीळ द्यावा लागतो. पीळ म्हणजे ज्याला आपण टॉर्क म्हणतो तो. मोटरीचा पीळ तिच्यातील प्रवाहाच्या प्रमाणात असतो, म्हणून प्रवाहही १.२५ पट होतो. आणि वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १.२५ चा वर्ग १.५६. म्हणजे वेग वाढला २५ टक्के, पण मोटरीतील उष्णता वाढली ५६ टक्के. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने जास्तीचा भार वेगळाच. त्या भाराखाली मोटर मंदावते आणि कागदावरचे ४५ किलोमीटर मैदानावर मिळत नाहीत.

मोठी चाके बसवली तरी हेच होते. चाकाची त्रिज्या १५ टक्के वाढवणे आणि पिनियनचे दात १५ टक्के वाढवणे यांत मोटरीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. म्हणून चाके मोठी केलीत, तर पिनियन लहान करा. हा नियम ध्यानात ठेवला, तर पुष्कळ मोटरी वाचतील.

उष्णतेचा हिशेब

मोटर तापली की काय बिघडते? तिच्यातील तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे ती आणखी तापते. ब्रश नसलेल्या आधुनिक मोटरींत निओडिमियमचे चुंबक असतात. त्यांपैकी साधारण प्रतीचे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले की कायमचे दुबळे होऊ लागतात. मोटर गार झाल्यावरही गेलेली शक्ती परत येत नाही. म्हणून पिनियन, चाक किंवा बॅटरी बदलल्यावर पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांनी ट्रक थांबवून मोटरीचे तापमान पाहा. तापमापक नसेल, तर निदान बोट जवळ नेऊन अंदाज घ्या. धातूला एकदम स्पर्श करू नका.

उष्णता नको तेथे निर्माण होण्याचे आणखी एक ठिकाण म्हणजे बॅटरीची जोडणी. जोडणीवर मळ बसला किंवा ती सैल झाली आणि तिचा रोध अवघा ०.०२ ओहम झाला असे समजा. चढावर ट्रक ३० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तेथे ०.६ व्होल्ट गळतील आणि ३० × ३० × ०.०२ म्हणजे १८ वॉट उष्णता निर्माण होईल. घरगुती दुरुस्तीतले छोटे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते हे लक्षात घ्या! जोडणीचे प्लॅस्टिक मऊ पडले असेल, तर त्याचे कारण हेच. पुष्कळदा ‘मोटर अशक्त झाली’ असे ज्याला वाटते, त्याचा दोष या नखाएवढ्या जागेत असतो. जोडणी बदलायला मोटरीच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ.

कमकुवत कडी असावी, पण कोठे?

ट्रकचे वस्तुमान अडीच किलोग्रॅम धरले, तर सेकंदाला १० मीटर वेगाने जाताना त्याची गतिज ऊर्जा १२५ जूल असते. तो कुंपणाच्या खांबावर आदळणे म्हणजे ५.१ मीटर उंचीवरून, जवळजवळ दीड मजल्यावरून, खाली फेकण्यासारखे आहे. वेग १२.५ मीटर केला, तर ही उंची ८ मीटर होते. पाहा, १.२५ चा वर्ग येथेही आडवा आला. वेग थोडा वाढतो, धोका त्याच्या वर्गाने वाढतो. रस्त्यावरच्या खऱ्या वाहनांनाही हाच नियम लागू आहे.

या आघाताची ऊर्जा कोठे तरी जिरली पाहिजे. ट्रकच्या चाकांना धरणारे हात बहुधा नायलॉनचे असतात. ते ‘प्लॅस्टिकचे’ आहेत म्हणून नाक मुरडू नका. आघात झाला की नायलॉन वाकते, ऊर्जा पोटात घेते आणि पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनियमचा चकाकणारा हात मात्र एका मर्यादेपर्यंत वाकत नाही आणि त्यापुढे वाकला की वाकलेलाच राहतो. तो स्वतः टिकला, तरी आघात पुढच्या कडीकडे ढकलतो आणि चार स्क्रूंनी बदलता येणाऱ्या हाताऐवजी संपूर्ण सांगाडा निकामी होतो. घरातील फ्यूज मुद्दाम कमकुवत ठेवतात, तशी यंत्रातही एखादी कडी कमकुवत ठेवावी लागते. ती स्वस्त असावी आणि चटकन बदलता यावी, एवढेच पाहायचे.

मोठ्या दंतचक्राजवळ असणारा घसरता क्लच हा असाच एक रखवालदार. ट्रक उडी मारून हवेत असताना चाके मोकळी असतात आणि भराभर फिरू लागतात. जमिनीला टेकताच त्यांचा फेरा क्षणार्धात मंदावतो आणि झटका दंतचक्रांवर येतो. क्लच त्या क्षणी थोडा घसरतो आणि झटक्याची ऊर्जा घर्षणात जिरवतो. तो पार आवळून टाकला की दात झडलेच. फार सैल ठेवला, तर सतत घसरून तापतो. उभा ट्रक एकदम पळवताना क्लच क्षणभर घसरून मग पकड घेत असेल, तर तो योग्य बसला आहे असे समजावे.

हवेत असताना आणखी एक गंमत पाहायला मिळते. वेग वाढवला की ट्रकचे नाक वर येते, ब्रेक लावला की खाली जाते. हवेत त्याला कोणी ढकलत नाही, मग हे कसे? चाके पुढच्या दिशेने अधिक जोराने फिरू लागली की बाकीचा ट्रक उलट दिशेने वळतो. कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचे याहून बोलके उदाहरण शाळेच्या मैदानावर क्वचितच सापडेल.

स्प्रिंग आणि तेल

चाकांजवळ जे धक्काशोषक असतात, त्यांत दोन भाग दोन वेगळी कामे करतात. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते. पण साठवलेली ऊर्जा ती परतही करते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवरचा ट्रक चेंडूसारखा उसळत राहील. ती ऊर्जा जिरवण्याचे काम नळकांड्यातील तेल करते. छिद्रे असलेली चकती तेलातून सरकते, तेल छिद्रांतून रेटले जाते आणि गतीची उष्णता होते. येथे सिलिकोन तेल वापरतात, कारण तापमान बदलले तरी त्याची श्यानता खनिज तेलाच्या मानाने कमी बदलते. स्वयंपाकघरातील गोडे तेल किंवा शिलाईयंत्राचे तेल भरू नका. रबरी कड्या फुगतील आणि गळती सुरू होईल.

परीक्षा सोपी आहे. ट्रक सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवरून सपाट जमिनीवर चारही चाकांवर पडू द्या. पोट जोरात आपटले, तर तेल पातळ आहे किंवा कमी झाले आहे. ट्रक उसळून पुन्हा वर आला, तरी तेल कमी पडते आहे असेच समजा. लाकडासारखा ठणकन उतरला, तर तेल फार घट्ट आहे. एकदा दबून, वर येऊन शांत राहिला, तर हात लावू नका. नवी मोटर घेण्यापेक्षा ताज्या तेलाने ट्रक खडबडीत जागी अधिक वेगाने जातो, कारण चाक जमिनीला टेकलेले असेल तरच मोटरीची शक्ती उपयोगी पडते.

धूळ आणि पाणी

आता निगेकडे वळू. आपल्याकडची लाल किंवा काळी माती बारीक असते. तिच्यात सिलिकेटचे कठीण कण असतात. ते ग्रीजमध्ये मिसळले की दात घासणारा लेप तयार होतो. म्हणूनच बाहेर उघडी असणारी दंतचक्रे कोरडी ठेवावीत. ग्रीज फक्त बंद पेटीतील चक्रांना. दोन चक्रांमधील अंतर ठरवण्यासाठी वहीच्या कागदाची पट्टी त्यांच्या दातांमध्ये धरून मोटरीचे स्क्रू आवळा आणि मग पट्टी फिरवून काढून घ्या. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली म्हणजे चक्रे घासतही नाहीत आणि दात सुटतही नाहीत.

चाकांच्या आसाभोवती काही स्वस्त ट्रकमध्ये नुसत्या प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या बुशी असतात. तेथे घसरते घर्षण असते. त्याऐवजी बॉल-बेअरिंग बसवली की घर्षण पुष्कळ कमी होते, कारण गोळ्या घसरत नाहीत, घरंगळतात. ही सुधारणा साखळीत ऊर्जा वाढवत नाही, गळती थांबवते. त्यामुळे तिच्यामुळे पुढची कडी मोडण्याची भीती जवळजवळ नसते. ट्रक चिखलातून किंवा पाण्यातून नेला असेल, तर त्याच दिवशी चाके काढून बेअरिंग पुसा, वाळवा आणि प्रत्येकात पातळ तेलाचा एकच थेंब टाका. रात्रभर ओले ठेवलेले बेअरिंग गंजते आणि नंतर कितीही तेल घातले तरी खरखरते.

ग्राहीच्या अँटेनाकडेही लक्ष असू द्या. आजचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेवर चालतात. प्रकाशाच्या वेगाला या कंप्रतेने भागले की तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर येते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ३.१ सेंटिमीटर. ग्राहीच्या तारेचे उघडे टोक एवढेच का असते, हे आता कळले ना? तार लांब दिसते म्हणून ते टोक कापले किंवा मोटरीभोवती गुंडाळले, तर ट्रक दूर जाताच ऐकेनासा होतो. आणि न ऐकणारा ट्रक रस्त्यावर गेला तर काय होईल, ते सांगायला नको.

बॅटरीशी खेळ नको

जोरदार ट्रकमध्ये आज लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरतात. तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती क्षणात मोठा प्रवाह देते. पण तिच्यात ज्वलनशील द्रव असतो, आणि चुकीच्या हाताळणीने लागलेली आग विझवणे कठीण जाते. म्हणून पुढील गोष्टी पाठ करून ठेवा.

१. ती फक्त लिथियम-पॉलिमरसाठी बनवलेल्या, प्रत्येक घट समान पातळीवर भरणाऱ्या चार्जरनेच भरावी.
२. भरताना घरातील मोठे माणूस जवळ असावे. बॅटरी फरशीवर ठेवावी, गादीवर किंवा कागदांवर नाही. चार्जर सुरू ठेवून झोपू नये.
३. पूर्ण भरलेल्या घटाचे व्होल्ट ४.२ असतात. ते ३ च्या खाली जाऊ देऊ नयेत. वेगनियंत्रकात प्रवाह वेळीच तोडण्याची सोय असली पाहिजे.
४. काही दिवस वापरायची नसेल, तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा.
५. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पुन्हा भरू नये. कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

करून पाहा

एक फळी घ्या. तिचे एक टोक उचलून ट्रक ठेवण्याची जागा जमिनीपेक्षा १० सेंटिमीटर उंच होईल असे करा. मोटरीचे स्क्रू सैल करून पिनियन बाजूला सरकवा, म्हणजे चाके मोकळी फिरतील. आता ट्रक हळूच सोडा, ढकलू नका. जेथे तो थांबेल, तेथपर्यंतचे आडवे अंतर मोजा. समजा, ते ४ मीटर भरले. उंचीमुळे मिळालेली सर्व स्थितिज ऊर्जा घर्षणात संपली, म्हणून रोधाचा गुणांक उंची भागिले अंतर, म्हणजे ०.१० भागिले ४, अर्थात ०.०२५ झाला. वस्तुमान या सूत्रातून निघून जाते, म्हणून तराजूचीही गरज नाही.

मग चारही चाकांची बेअरिंग स्वच्छ करा आणि त्याच फळीवर, त्याच जागी प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वेळी पाच मोजमापे घेऊन सरासरी काढा. अंतर किती वाढले? शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. ऊर्जेची अक्षय्यता, घर्षण आणि मोजमापातील त्रुटी हे तिन्ही पाठ एका तासात होतात. मुलांकडे ट्रक नसेल, तर चांगल्या चाकांची कोणतीही गाडी चालेल.

सुधारणांचा क्रम कोणता असावा, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. प्रथम सफाई आणि जोडण्या. मग बेअरिंग. मग धक्काशोषकातील तेल आणि जमिनीला शोभणारे टायर. मोटर आणि अधिक व्होल्टची बॅटरी सर्वांत शेवटी, आणि त्यांच्याबरोबर क्लच व पिनियनचा पुन्हा विचार करूनच. एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकदम केले आणि ट्रक बिघडला, तर दोष कोणाचा हे कळणार नाही. म्हणून ट्रकच्या पेटीत पान्यांबरोबर एक वही ठेवा : तारीख, पिनियनचे दात, मोटरीचे तापमान, बॅटरी किती मिनिटे पुरली. महिनाभरानंतर ती वही चाळा. पुढचे पैसे कोठे खर्च करायचे, ते तिच्यातल्या आकड्यांवरूनच ठरवता येईल.